मोटर ठणठणीत, वाट बंद : रत्नागिरीतल्या एका किचन चिमणीचं प्रकरण

घर रत्नागिरीत, मांडवीच्या बाजूला. समुद्र चालत पाच मिनिटांवर. तिसरा मजला, स्वयंपाकघर पश्चिमेला आणि त्याला लागून भांडी-कपडे धुवायची छोटी बाल्कनी, तीही पश्चिमेलाच. राहतात काका-काकू दोघंच, पण काकू डबे देतात. त्यामुळे रोज सकाळी तळण ठरलेलं. सुरमई, बांगडा, कधी कोलंबी. श्रावणात मासे बंद झाले की भजी आणि वडे. माहितीपुस्तकात ‘वर्षातून एकदा सर्व्हिसिंग’ असं छापलेलं असतं, ते दोन वेळची भाजी-पोळी करणाऱ्या घरासाठी. या स्वयंपाकघराला ते लागू नाही.

तक्रारी तीन होत्या. चिमणी धूर ओढत नाही, चालू केली की घरघरते, आणि पाऊस लागला की तिच्यातून तपकिरी तेलकट पाणी ओट्यावर ठिबकतं. चिमणी चार वर्षांची, ऑटोक्लीन, खोक्यावर ताशी १२०० घनमीटर लिहिलेलं. आधीचा सर्व्हिसवाला दोनदा येऊन फिल्टर आणि ब्लोअर (आतला हवा ओढणारा पंखा) धुऊन गेला होता. दोन्ही वेळा आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी त्याने ‘मोटर वीक झालीय, नवीनच घ्या’ असं सांगितलं. काकूंना ते पटेना. फोनवर त्यांनी मला विचारलं, “अहो, मोटर गेली तर आवाज येईल, ओढणार नाही, हे कळतं मला. पण पाणी कुठून येतंय?”

हा प्रश्न आमच्या या चिमणी-दुरुस्तीच्या धंद्यातल्या माणसाला आधी पडायला हवा होता.

धुण्याआधी बघणं

आम्ही गेलो तेव्हा जुलै होता. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, तोही पश्चिमेकडून झोडपणारा. अशा दिवसांत तपासणीला गेलेलं बरं. मार्चमध्ये गेलो असतो तर ठिबकणारं पाणी दिसलंच नसतं.

पहिली चाचणी कागदाची. फिल्टर जागेवर ठेवून चिमणी पूर्ण वेगावर चालवायची आणि वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा खालून फिल्टरला लावायचा. चांगली चिमणी तो चिकटवून धरते. इथे कागद क्षणभर थरथरला आणि खाली आला. आता इथेच ‘मोटर गेली’ म्हणून मोकळं होता येतं. पण चाचणी अर्धीच झालेली असते. आम्ही चिमणीच्या डोक्यावरचा डक्टचा, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपचा, पट्टा सोडवला, डक्ट बाजूला केला आणि तोच कागद पुन्हा लावला. या वेळी तो फटकन जाऊन बसला आणि चारही कोपऱ्यांनी ताणला गेला. मोटर ठणठणीत होती. अडचण तिच्या पुढच्या वाटेत होती. दहा मिनिटांची ही चाचणी, आणि तिच्यावर नव्या चिमणीचा खर्च वाचला.

डक्ट सोडवताना खाली घमेलं धरलं होतं, ते बरं झालं. माळ्यावर डक्टला जिथे झोळ पडला होता तिथून गढूळ, तपकिरी, मेणचट पाणी आलं. वास खवट तेलाचा. घमेल्याच्या तळाशी गंजाचे बारीक पापुद्रे बसले.

डक्ट नेहमीचा, अ‍ॅल्युमिनियमचा वळ्यांचा, सहा इंची. चिमणीपासून वर गेलेला, माळ्यावरून आडवा फिरून पश्चिमेच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर. भोक मात्र चार इंची होतं, बिल्डरने पूर्वी एक्झॉस्टसाठी सोडलेलं. बसवणाऱ्याने तोडफोड टाळायला शेवटी रिड्यूसर लावून सहाचा डक्ट चारमध्ये घुसवला होता. हिशोब करा : सहा इंची तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस इंच, चार इंचीचं साडेबारा. निम्म्याहूनही कमी. खोक्यावरचे १२०० घनमीटर मोटर मोकळी चालवून मोजलेले असतात, त्यांना या भोकाशी काही देणंघेणं नाही. खरं तर दहा बाय आठच्या स्वयंपाकघरात सगळी मिळून हवा जेमतेम २०-२२ घनमीटर. तासाला दहा-बारा वेळा ती बदलली तरी रोजच्या रांधण्याला पुष्कळ होतं. गिऱ्हाईक मोठा आकडा बघून चिमणी घेतं, आणि भोक किती इंची आहे हे कुणी विचारत नाही.

शिवाय डक्टचा उतार उलटा, बाहेरून आत. भिंतीतलं तोंड वर, झोळ खाली. पश्चिमेचा पाऊस तोंडातून आत आला की वाहत झोळात साठणार, झोळ भरला की चिमणीत उतरणार. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं.

बाहेरचं तोंड

या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकण्यासारखं काही असेल तर ती डक्टच्या बाहेरच्या तोंडावरची टोपी. बाल्कनीच्या ग्रिलमधून हात घालून ती काढता आली. पत्र्याची, वर पावडर कोटिंग. समोरची बाजू, म्हणजे पावसाच्या माऱ्यात येणारी, बऱ्यापैकी शाबूत होती, कडेला चारदोन डाग. खालची बाजू, जिथे पाऊस लागत नाही, ती मात्र पार कुजलेली. बोटाने दाबलं तर पापुद्रे सुटत होते. पाहणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण समुद्राकाठी असंच होतं. वाऱ्याबरोबर येणारं मीठ सगळीकडेच बसतं. उघड्या बाजूवरचं पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं तसंच साचत राहतं.

मीठ नुसतं बसून राहत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते याचमुळे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते याहून बऱ्याच कमी आर्द्रतेलाही ओलं राहतं. म्हणजे पाऊस नसलेल्या दिवशीसुद्धा कोकणातल्या धातूवर खाऱ्या पाण्याचा पातळ थर असतोच. त्यात चिमणीतून येणारा तेलाचा राप मिसळतो. तेल लागलेलं लोखंड गंजत नाही असं आपण धरून चालतो. ताज्या तेलाचं ते खरं. तळणाचं तेल हवेत राहून खवट होतं, आंबट होतं, घट्ट होऊन चिकटतं. त्या चिकट्याखाली मीठ आणि ओल दोन्ही अडकून बसतात आणि निवांतपणे धातू खातात.

टोपीवर काकांनी मच्छरदाणीची बारीक जाळी तारेने आवळली होती. कारण विचारलं तर म्हणाले, “पाली यायच्या हो आत. एकदा कुंभारमाशीने घर केलं होतं.” कारण रास्त आहे. पण त्या जाळीची छिद्रं तेल आणि धुळीने इतकी बुजली होती की उजेडासमोर धरली तर आरपार काही दिसेना. टोपीचा फ्लॅप, म्हणजे उघड-बंद होणारी झडप, बिजागरीत गंजून अर्धा उघडा अडकलेला. वारा समुद्रावरून आला की थेट आत. चिमणीचा ब्लोअर बाहेर ढकलतोय, वारा आत ढकलतोय, मधल्या चार इंचांत दोघांची झुंज. घरघर त्यातूनही येत होती.

रिड्यूसर डक्टला जोडायला साधे लोखंडी स्क्रू मारले होते. प्रत्येक स्क्रूभोवती अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि तिच्या मधोमध मोकळं झालेलं भोक. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यातला एक स्वतः झिजून दुसऱ्याला वाचवतो. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. या भोकांतून तेलकट हवा माळ्यावर सुटत होती. माळ्यावरच्या पिंपांवर राप बसायचा आणि काकू ती दर महिन्याला पुसायच्या. राप येतो कुठून, हा विचार आधी कुणी केला नव्हता.

ब्लोअर, आणि आधीची ‘सफाई’

ब्लोअरबद्दल थोडक्यात. पंख्याच्या पात्यांवर एका बाजूला राप जास्त, दुसरीकडे कमी, त्यामुळे तोल गेलेला. उरलेली घरघर ही. पण पंखा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि पाती काळी पडून खडबडीत झालेली. काकू म्हणाल्या, आधीच्या माणसाने बादलीत पावडर टाकली तेव्हा खूप फेस आला होता, “इतका फेस, की मला वाटलं आता काय ते लख्ख होणार!” ती पावडर कॉस्टिक सोड्याची असणार. कॉस्टिक तेलाचा साबण करतो हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमलाही खातो, आणि त्या उकळीत बराच भाग असतो अ‍ॅल्युमिनियम खाताना सुटणाऱ्या हायड्रोजनचा. गिऱ्हाईक फेस बघून खूश, आणि खडबडीत झालेल्या पात्यांना पुढच्या वेळी राप लवकर धरतो.

आम्ही गरम पाणी, भांड्याचा साबण, भिजवायला वेळ आणि प्लॅस्टिकची पट्टी एवढ्यावर काम केलं. स्टीलचे बॅफल फिल्टर धुण्याच्या सोड्यात चालतात. फरशीचं अ‍ॅसिड मात्र स्टीलला कधीही लावू नये. त्यातल्या क्लोराइडने स्टीलला बारीक खड्डे पडतात, तेही समुद्राकाठी, जिथे हवेत आधीच क्लोराइड कमी नाही. काकूंच्या चिमणीच्या दर्शनी स्टीलवर चहा सांडल्यासारखे डाग होते ते याच जातीचे. त्या लोहचुंबक आणून बसल्या होत्या : चिकटलं तर स्टील हलकं, असं कुणीतरी सांगितलेलं. चिकटत असेल तर ते ३०४, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, नाही असं बहुधा म्हणता येतं. पण चिकटत नाही म्हणून ३०४ आहे असं नाही. २०१-२०२ सारखी स्वस्त पोलादंही चुंबकाला दाद देत नाहीत.

ऑटोक्लीनबद्दलही सांगायला हवं, कारण ‘ऑटोक्लीन आहे, मग सफाई कशाला’ हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. बटण दाबलं की आतली कॉइल तापते, ब्लोअरजवळचं तेल पातळ होऊन वाटीत उतरतं. डक्ट, फ्लॅप, टोपी यांना तिचा स्पर्शही होत नाही.

विजेच्या बाजूला एकच गोष्ट सापडली, पण मोठी. चिमणीच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची तार टर्मिनलवर हिरवी पडून सुटत आलेली. ओल्या हाताने बटण लावताना काकूंना कधीमधी झिणझिण्या यायच्या. तार कापून नवी केली आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्यायला सांगितलं.

कुणी तक्रार न केलेली गोष्ट

बाल्कनीत गॅस गिझर होता. झटपट पाणी तापवणारा, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपशिवायचा. उघड्या बाल्कनीत एरवी निभावतं. पण कोकणात जून लागला की पश्चिमेच्या ग्रिलला झडीसाठी निळं प्लॅस्टिक बांधतात, तसं इथेही वरपासून खालपर्यंत बांधलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडक्याही झडीने बंद. फक्त बाल्कनीचं दार किलकिलं.

आता चिमणी ताशी ५०० घनमीटर हवा बाहेर टाकणार असेल तर तेवढीच हवा कुठून तरी घरात यायला हवी. बंद घरात ती जिथे फट सापडेल तिथून येते. आम्ही डक्ट काढलेल्या अवस्थेत चिमणीच्या डोक्याला खिडकीतून बाहेर जाणारा तात्पुरता पाइप लावला, ती चालू केली आणि दाराच्या फटीत उदबत्ती धरली. धूर बाल्कनीतून स्वयंपाकघराकडे असा वळला की हात मागे घ्यावा लागला. म्हणजे सकाळी काका आंघोळीला आणि काकू तळणाला, हे एकाच वेळी चालू असताना गिझरचा सगळा धूर घरात ओढला जात होता. त्यात बंदिस्त बाल्कनीत ज्योतीला पुरेशी हवा नाही, मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. काकू सहज बोलून गेल्या की पावसाळ्यात सकाळी डोकं धरतं, हवेनं असेल. हवेनं असेलही. डॉक्टरांना दाखवा, आणि दाखवताना गिझरचं आवर्जून सांगा, एवढंच मी म्हणालो.

खरी गोम पुढे आहे. आतापर्यंत वाट तुंबलेली होती म्हणून चिमणी थोडंच ओढत होती. आम्ही ती मोकळी केली की गिझरचा धूर आणखी जोरात आत येणार. कुणी नवी, जास्त ताकदीची चिमणी लावली असती तरी तेच. म्हणून काम सुरू करायच्या आधी काकांना गिझरचा सिलिंडर बंद करायला लावला. ते नाराज झाले. “अहो, दहा वर्षं वापरतोय, काही झालं नाही.” काकूंनी वाद संपवला : “उद्यापासून पाणी पातेल्यात तापवीन.” दिवाळीआधी विजेचा साठवणीचा गिझर आला. किचन चिमणी तपासायला येणारा माणूस शेजारच्या गिझरकडे बघत नसेल तर त्याची तपासणी अपुरी आहे, असं माझं ठाम मत आहे.

दुरुस्ती : थोडी जुलैत, बाकी ऑक्टोबरात

भर पावसात भिंत कोरणं शक्य नव्हतं. जुलैत सफाई केली, बारीक जाळी काढली, झोळ ताणून घेतला, टोपीच्या वर तिरका पत्रा लावला आणि ठिबकणं बरंच कमी झालं.

पाऊस गेल्यावर उत्तरेच्या भिंतीत सहा इंची पाइप आरपार जाईल असं नवं भोक कोअर कटिंगने पाडलं. सोसायटीची परवानगी घ्यावी लागली. वरच्या मजल्यावरच्यांची हरकत होती की भिंतीवर तेलाचे ओघळ येतील. म्हणून पाइप भिंतीपासून हातभर पुढे काढला. उत्तरेला वाऱ्याचा मारा कमी आणि चिमणीपासून अंतरही कमी, त्यामुळे माळ्यावरची प्रदक्षिणा टळली. वळ्यांच्या डक्टऐवजी ३०४ स्टीलचा गुळगुळीत सरळ पाइप, उतार बाहेरच्या दिशेने, आणि वळणावर उघडता येणारं झाकण, म्हणजे पुढच्या वेळी हात आत जातो.

कोकणात पुष्कळ जण इथे पीव्हीसी पाइप लावतात, गंजत नाही म्हणून. त्यांचं चुकतंय असं सरसकट म्हणवत नाही. पण पीव्हीसी सुमारे ८० अंशांना मऊ पडतो, आणि डक्टमधल्या तेलाने पेट घेतला तर तोही जळून विषारी धूर सोडतो. रोज तळण असलेल्या घरात मी तो लावत नाही.

टोपी मिरकरवाड्याला ट्रॉलरांची कामं करणाऱ्या एका फॅब्रिकेटरकडून ३१६ स्टीलमध्ये करून घेतली. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतो, त्यामुळे खाऱ्या हवेत ते ३०४ पेक्षा चांगलं टिकतं. स्क्रूही त्याच स्टीलचे. जाळी अर्ध्या इंचाच्या छिद्रांची. तिच्यातून पाल येऊ शकते. तिला फ्लॅपने अडवायचं. चिमणीसुद्धा खाली घेतली. काकांचं डोकं लागू नये म्हणून ती शेगडीपासून जवळजवळ ९० सेंटिमीटरवर बसवली होती, ती ७० वर आणली. काका चहापुरतेच ओट्याशी येतात हे काकूंनी स्वतःच सांगितलं. सगळा खर्च नव्या चिमणीच्या निम्म्याच्या आत बसला, भिंत कोरणं धरून. गिझर सोडून, अर्थात.

फिल्टर आता दर पंधरवड्याला काकू धुतात. डक्ट आणि टोपीची तपासणी वर्षातून दोनदा, मेअखेर आणि दिवाळीच्या सुमारास. हिवाळ्या-उन्हाळ्यात महिन्यातून एकदा टोपीवर, विशेषतः खालच्या बाजूला, गोड्या पाण्याचा फवारा मारायचा, कारण त्या दिवसांत धुवायला पाऊस नसतो. तळताना कढईने पेट घेतला तर आधी चिमणी बंद, मग गॅस बंद, कढईवर झाकण, पाणी नाही. चिमणी चालू राहिली तर ती ज्योत डक्टमध्ये ओढते. हे कागदावर लिहून फ्रिजला लावून आलो.

मे महिन्यात पुन्हा गेलो. कागद चिकटला. वळणावरचं झाकण उघडलं तर आत तेलाचा पातळ थर, पाणी नाही, झोळ नाही. खालच्या बाजूने टोपी स्वच्छ. पण फ्लॅप बंदच : मधल्या काळात सोसायटीने इमारतीला रंग दिला होता आणि रंगाऱ्याने टोपीसकट फासला होता. ब्लेडने कड सोडवली, बिजागरीतला रंग खरवडला. बाल्कनीचं प्लॅस्टिक काकांनी आणून ठेवलं होतं. गिझर गेला असला तरी ते ग्रिलच्या खालच्या अर्ध्याच भागाला बांधायचं, वरचा भाग मोकळा सोडायचा, हे दोघांनी आधीच ठरवलं होतं. चिमणीला हवा लागते म्हणून.